आक्काच्या नावाचं पान

परवा नातीनं मला एका सभेला नेलं. बाईवर जीव असलेल्या बायका आणि पुरुषावर जीव असलेले पुरुष, यांचं म्हातारपणी कसं व्हायचं, असा विषय होता. दवाखान्यात सही कुणाची, पेन्शन कुणाला, घर कुणाच्या नावावर, वृद्धाश्रमात घेतील का, अशी चर्चा चालली होती. पोरं हुशार होती, तळमळीनं बोलत होती. पण एकजण माईक घेऊन म्हणाला, "आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत, आपल्या छोट्या गावांमध्ये, हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता." माझं डोकंच फिरलं. पडला नव्हता म्हणे! माझ्या भिंतीपलीकडं पडला होता, बाबा. मी उठून उभी राहिले. नात पदर ओढत होती. त्यांनी माईक दिला आणि म्हणाले, "आजी, थोडक्यात सांगा हं." थोडक्यात! मी खाली बसले. थोडक्यात सांगण्यासारखं ते नव्हतंच, म्हणून इथं सगळं लिहिते.

लग्न होऊन मी सोलापूरला आले ती गिरणीच्या मागच्या चाळीत. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. नवरा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला, घरात सासू, ती विधवा. आमची खोली शेवटून दुसरी. शेवटच्या खोलीत दोन बायका राहायच्या, दोघी पन्नाशी ओलांडलेल्या. एकीला सगळी चाळ आक्का म्हणायची, दुसरीला मावशी.

आक्का उंच, काळी, हाडापेरानं मोठी. नळावर तिचा आवाज चढला की बाकीच्या मुकाट्यानं आपापल्या घागरी मागं ओढायच्या. तिचा नवरा टेंभुर्णीला होता. त्यानं तिला वर्षभरही नांदवलं नाही, हाकलून दिली आणि दुसरी केली. सोडचिठ्ठी वगैरे कोण करतंय त्या काळी? ती टाकलेली असली तरी सवाष्णच. गळ्यात काळे मणी, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. मावशी करकंबची. न्हाण यायच्या आत विधवा झालेली, अंगानं काडी, कपाळ मोकळं. दीर-भाच्यांनी तिला कधीच वाऱ्यावर सोडलं होतं.

दोघी शेंगाची चटणी कुटून विकायच्या. त्यांच्या खोलीत जमिनीत पुरलेलं दगडी उखळ होतं. समोरासमोर उभ्या राहून दोघी एकाच उखळात दोन मुसळं चालवायच्या, एकीचं वर तेव्हा दुसरीचं खाली. मुसळाला मुसळ लागलेलं मी कधी ऐकलं नाही. पहाटे त्या आवाजानंच मला जाग यायची. जाग आल्यावर मी शिव्या घालायचे, ते वेगळं.

चाळ त्यांना मानलेल्या बहिणी म्हणायची. तसं म्हटलं की सगळ्यांचीच सोय व्हायची, पुढचं काही विचारायला नको. मला मात्र पहिल्या महिन्यातच कळलं. सकाळी वाटीभर मीठ मागायला गेले तर दार अर्धं उघडं. आक्का पाटावर डोळे मिटून, तोंड वर करून बसलेली. मावशी तिच्यापुढं गुडघ्यावर. आधी कपाळाला मेण लावलं, मग करंड्यात बोट बुडवून हळूहळू गोल कुंकू रेखलं. विधवा बाई सवाष्णीला कुंकू लावत होती, आणि ती आरशात न बघता लावून घेत होती. मी मीठ न घेताच परतले. माझं नवीन लग्न झालं होतं, असल्या गोष्टी मला कुणी सांगायला नको होत्या.

आणि ताटाचं एक होतं. आधी आक्का जेवायची. तिचं झालं की तेच ताट, न धुता, मावशी पुढ्यात ओढून घ्यायची आणि त्यातच वाढून घ्यायची. माझी सासू दारातून बघायची आणि नाक मुरडायची. "नवऱ्याच्या उष्ट्यात जेवावं तशी जेवती बग सटवी." आमच्याकडं रीतच होती, बाईनं नवऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवायचं. मीही जेवायचे, किळस येऊन जेवायचे, कारण आमचे हे शेवग्याच्या शेंगा चघळून चोथा ताटातच ठेवायचे. आक्का तसं करत नसे. ती भाकरीचा पापुद्रा, खरपूस कड, लोण्याचा गोळा असं चांगलं चांगलं ताटाच्या उजव्या अंगाला राखून ठेवायची. मावशी बसली की आधी तेच उचलायची. मला त्या ताटाचा हेवा वाटायचा, खरंच सांगते.

मग आक्काच्या पोटात गाठ झाली. दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करायला पाहिजे, नातेवाईक कोण? मावशी म्हणाली, "मी." नातं काय? मावशीनं डॉक्टरांकडं, मग आक्काकडं बघितलं. शेवटी म्हणाली, "शेजारीण." त्यांनी आक्काच्या गळ्यातले मणी बघितले आणि म्हणाले, नवरा आहे ना, त्याला घेऊन या, त्याची सही लागेल. मी सोबत होते. मी म्हटलं, अहो, त्या नवऱ्यानं हिचं तोंड इतक्या वर्षांत बघितलं नाही. तर म्हणाले, मग सासर-माहेरचं कुणीतरी आणा, आम्ही उगीच कुणाच्याही सहीवर पोट फाडायचं का? माहेरचं कुणी उरलं नव्हतं. खाटेवरून आक्काच गरजली, "त्याच्या सहीनं जगण्यापरीस मेलेली बरी. चला घरी." आणि आम्ही तिला घरी आणली.

सगळा उन्हाळा ती झिजत गेली. मावशी एकटीच चटणी कुटायची. एका मुसळाचा आवाज किती कंटाळवाणा असतो ते मला तेव्हा कळलं. शेवटी शेवटी आक्कानं चाळीतल्या बायकांना बोलावून घेतलं. माझी सासू सगळ्यांत पुढं बसलेली. आक्का म्हणाली, "मी मेले तरी त्या मुडद्याला हितं आणू न्हका. हिच्या हातचं पाणी पाजा आन उचला मला. आन हिला हितनं हलवू न्हका. ही खोली हिची हाय, आयकलं का समद्यांनी?" सासूनं तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "व्हय गं बाई. तू निवांत पड."

ती पहाटेची गेली. आणि माझ्या सासूनं सकाळीच नाक्यावरच्या ट्रकवाल्याबरोबर टेंभुर्णीला सांगावा धाडला.

मला कळलं तेव्हा मी सगळ्या चाळीदेखत तिच्यावर ओरडले. सासूवर ओरडायची ती माझी पहिली वेळ. "आत्या, तुमच्या हातात हात घेऊन बोलली होती की ती! काय बोलली होती?"

"मरणाऱ्याचं काय खरं धरायचं? सवाष्णीचं मरण हाय. नवरा जिता असताना बेवारशी जाऊ द्यायची व्हय? आगं, भरल्या कपाळानं जायचं भाग्य मला मिळालं न्हाय. तिला मिळतंय तर मी वाया घालवू?"

आणि हे सांगताना ती रडत होती, मनापासून! त्याच रडण्याचा मला आजही संताप येतो. दुष्ट माणसाशी भांडता येतं. जिला आपण पुण्य करतोय असं वाटतं तिच्याशी काय भांडणार, कपाळ?

सोलापूरचा उन्हाळा, आणि मढं नवऱ्याची वाट बघत दुपारपर्यंत ठेवलं. आम्हा सवाष्णींना सासूनं कामाला लावलं. नवरा जिवंत असताना गेलेल्या बाईला नवरीसारखी सजवतात. न्हाऊ घालायचं, हिरवं लुगडं, हिरवा चुडा, ओटी, मळवट. मावशीला उंबऱ्याबाहेर बसवली होती. विधवेचा हात लागायचा नाही. लुगडं नेसवताना ती बाहेरून म्हणाली, "हिरवं तिला आवडत न्हाय. ट्रंकंत अंजिरी हाय." कुणी ऐकलं नाही. थोड्या वेळानं ती आपला करंडा घेऊन आत आली. "सरा जरा. कुंकू मी लावते. तिला दुसऱ्याचं बोट सोसत न्हाय."

सासू आडवी झाली. "लांब हो. रांडमुंड बाईचा हात लागला तर तिचं अहेवपण बाटंल. मी तरी शिवले का बग. मी बी लांबच हाय की."

मी म्हटलं, "रोज तीच लावत होती." मग एक म्हातारी म्हणाली, "म्हणूनच भोग आला तिला, पोटात गाठ झाली." मावशीनं ते ऐकलं. तिच्या हातातला करंडा खाली पडला आणि कुंकू सगळ्या फरशीवर पसरलं. कुणीतरी केरसुणी आणून ते झाडून टाकलं.

नवरा आला. पांढरं धोतर, टोपी, गालात तंबाखू. वाईट माणूस दिसत नव्हता, बाजारात बैल बघायला आल्यासारखा आला. मढ्यापुढं वाकला, निरखून बघितलं आणि म्हणाला, "वळखू येत न्हाय की." बायकांनी त्याचं बोट कुंकवात बुडवलं, आक्काच्या कपाळाला टेकवलं. वेडंवाकडं कुंकू लागलं, नाकावर ओघळलं. आणि सगळ्या चाळीनं आक्काच्या पायावर डोकी ठेवली, सासूनं लांबूनच जमिनीला टेकवलं. "नशीब काढलंस गं बाई!" मला वाटलं, आता ही उठून एकेकीच्या थोबाडीत देईल. तिनं द्यायलाच पाहिजे होती.

दहावं झाल्यावर तो परत आला तो खोली बघायला. खोलीची भाडेपावती आक्काच्या नावाची. घरमालक म्हणाला, बाईचा वारस नवरा, मी त्यालाच ओळखतो. मी मावशीला घेऊन एका वकिलाकडं गेले. चांगला माणूस होता, चहा पाजला. त्यानं विचारलं, "मयत बाईशी तुमचं नातं काय?"

दवाखान्यात मावशी शेजारीण म्हणाली होती. त्याचा काय उपयोग झाला ते तिला माहीत होतं. या वेळी ती मान वर करून म्हणाली, "ती माझं माणूस व्हती."

वकिलानं चष्मा काढला. त्याला कळलं होतं, मी शपथेवर सांगते. मग चष्मा पुसत म्हणाला, "आई लिहिता येतं, बहीण लिहिता येतं, नवरा लिहिता येतो. माझं माणूस हे कुठं लिहू, बाई?"

मी सासूला म्हटलं, मावशीला आपल्या घरात ठेवून घेऊ, चुलीपाशी पडून राहील. सासू म्हणाली, "एक रांडमुंड मी हाय तेवढी बास हाय ह्या घराला." माझ्या नवऱ्याकडं बघितलं, तर ते पेपर वाचत होते. मी सहा महिन्यांची गरोदर. भांडले, ताटं आपटली, जेवले नाही. माझ्या न जेवण्यानं कुणाचं काय अडलं? मी दुसऱ्याच्या घरात राहत होते, मावशीइतकीच.

आक्काच्या नवऱ्यानं भांडी, ट्रंक, मणी सगळं गाडीत घातलं. उखळ जमिनीतलं, ते निघेना, राहिलं. मावशी दाराशी बसून होती. तिच्याकडं बघून तो म्हणाला, आणि दयेनंच म्हणाला, "तू बी चल की म्हातारे. तितं म्हशी हायत, भांडी हायत, बायकोचे गुडघं गेल्यात. दोन येळंला भाकरी मिळंल."

मावशी उठलीच. मी तिचा हात धरला. "त्याच्या घरी? भांडी घासायला? अगं, त्याच्या?"

"तिचा फोटो आता त्याच्या घरात लागणार. दिवा तितं लागणार," मावशी म्हणाली. "मी हितं बसून कुणाला बघू? जितं ती तितं मी." आणि ट्रंकेशेजारी, सामानातच, गाडीत बसली.

पुढच्या वर्षी भाद्रपदात तो माणूस आमच्या दारात उभा. घरात काही धड चालेना म्हणाला. म्हैस गाभडली, पोटातलं रेडकू गेलं, बायकोला आक्का स्वप्नात दिसते. देवऋषी म्हणाला, पहिली अतृप्त आहे. पितृपंधरवड्यात अविधवा नवमी येते. नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या नावानं त्या दिवशी एक सवाष्ण जेवू घालतात, तिलाच ती गेलेली बाई मानतात. देवऋषीनं सांगितलं, सवाष्ण तिच्या ओळखीची बसवा. आक्काला माहेर नव्हतं, म्हणून तो चाळीत आला. सासूनं लगेच माझं नाव पुढं केलं. मी गेले ती त्याच्यासाठी नाही, मावशी दिसेल म्हणून गेले.

त्याच्या बायकोनं माझे पाय धुतले, नवं लुगडं दिलं, पाटावर बसवलं. समोर भिंतीवर हार घातलेला आक्काचा फोटो. तो फोटो मला माहीत होता. दोघींनी गड्ड्याच्या जत्रेत काढून घेतलेला, शेजारी शेजारी उभ्या राहून. आता त्यात एकटी आक्का होती. तिच्या खांद्यावर एक हात होता, आणि हाताच्या पुढं काहीच नव्हतं. फोटो तिथून कापला होता.

"मावशी कुटं हाय?" मी विचारलं.

"गोठ्यात. जेवायच्या आदी तिचं तोंड बगू न्हका, आज तुमी आक्का हाय," त्याची दुसरी बायको म्हणाली. पानावर पुरणपोळी, तूप, भजी, खीर, सगळं होतं. कडेला शेंगाची चटणी. बोटानं चाखली. हात ओळखीचा होता.

मी आक्का होते ना? मग आक्कासारखी जेवले. पुरणपोळीचा तुपात भिजलेला मधला भाग राखला, भज्यांतलं कुरकुरीत राखलं, चटणीवर तुपाचा गोळा ठेवला. सगळं पानाच्या उजव्या अंगाला. बाकीचं कसंबसं गिळून उठले. म्हटलं, "उष्टं काढायला मावशीला बोलवा. आक्काची इच्छा हाय." देवऋषीच्या धाकानं त्यांनी बोलावलं.

मावशी आली. काडीची पार सुतळी झाली होती. हाताला शेण, पदराला भोकं. तिनं माझ्याकडं बघितलंच नाही. पान उचलायला वाकली आणि तिला ती उजवी बाजू दिसली. वाकली ती तशीच राहिली. मग हळूच भिंतीवरच्या फोटोकडं बघितलं, पदरानं हात पुसले, मांडी घातली, आणि पान पुढ्यात ओढून पहिला घास उचलला. तिच्या तोंडावर जे आलं ते मी त्या उखळाच्या दिवसांनंतर पहिल्यांदा बघत होते. अगं माझे बाई, जेव! असं मला ओरडावंसं वाटलं.

"आगं ए म्हातारे!" दुसरी धावली. "हावरट! पावण्यांसमोर उष्ट्यावर बसती? उपाशी मारतो व्हय आमी तुला?" तिनं पान ओढलं. मावशीनं दोन्ही हातांनी धरून ठेवलं. पान मधून फाटलं, खीर सांडली. नवरा सोप्यातून म्हणाला, "काय चाललंय? आब्रू घालवली की हिनं." दुसरीनं दोन्ही तुकडे गोळा केले आणि परसात जाऊन म्हशीपुढं टाकले. मी म्हटलं, अहो, आक्काचं पान आहे ते! तर म्हणाली, "आक्का जेवून उठली की. आता उष्टंच ते." त्यावर घरातले सगळे हसले.

निघताना मी गोठ्याकडं गेले. मावशी म्हशीजवळ उभी होती, पायापाशी पानाच्या चिंध्या. मी म्हटलं, "चल माझ्यासंगं. सासूला मी बघते, घराबाहेर काढलं तर दोघी निघू." तिनं मान हलवली, नाही म्हणून. "काहीतरी बोल की गं," मी म्हटलं. ती बोलेना. मग मला तिचा गाल दिसला, फुगलेला. तो पहिला घास तिनं अजून गिळला नव्हता. मी एस.टी.कडं वळले तेव्हाही ती तशीच तोंड मिटून उभी होती.